पाण्याखालून आलेली रेघ

१

त्या रस्त्यावर गाडी येत नाही, कारण तो रस्ता कुठंच जात नाही. गाव संपतं, बाभळी संपतात, बेशरमीचं रान संपतं आणि डांबराची जुनी पट्टी सरळ धरणाच्या फुगवट्यात शिरते. पलीकडं कधीकाळी जुनं गाव होतं. आता पाणी आहे. संक्रांत झाली की हे पाणी रोज थोडं थोडं मागं सरतं, आणि ते सरेल तसा रस्ता लांब होत जातो. प्रांजलीला याचं भारी कौतुक. शहरात, उस्मानपुऱ्यात वाढलेल्या मुलीनं रस्ते अरुंद होताना पाहिले होते. वाढणारा रस्ता ती पहिल्यांदाच बघत होती.

सकाळचा चहा झाला की ती नणंदेची सायकल काढायची. नणंद लग्न होऊन गेली, शाळेत मिळालेली निळी सायकल मागं राहिली. तिच्या नवऱ्यानं, अजिनाथनं, सायकलीला नवे टायर बसवून दिले होते, माशाच्या काट्यासारख्या नक्षीचे. दोन्ही बाजूंना ओला, चकाकणारा गाळ, त्यात एका पायावर उभे बगळे, लांब पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग. पायडल थांबवलं की मागच्या चाकाची कुरकुर तेवढी ऐकू यायची. हॉर्न नाही, हाक नाही. शहरातल्या क्रांती चौकात उभं राहून जे मागितलं असतं ते सगळं इथं फुकट होतं, आणि आता मिळाल्यावर त्याचं काय करायचं हे तिला कळत नव्हतं.

स्थळ आलं तेव्हा सांगितलं होतं, मुलगा वाळूजला कंपनीत आहे, बजाजनगरात राहतो. ते खोटं नव्हतं. एका खोलीत आणखी चौघांबरोबर राहतो, हे तेवढं सांगायचं राहून गेलं होतं. म्हणून लग्नानंतर नवरा बजाजनगरला आणि नवरी गावाकडं. सासरे मल्हारराव मेंढरं घेऊन घाटाखाली गेलेले, ते पावसाच्या तोंडावर परतणार. घरात उरल्या दोघी: ती आणि सासू, सुगंधाबाई. सुगंधाबाई वाईट नव्हत्या. वाईट असायलाही थोडं बोलावं लागतं.

"आत्याबाई, वेगळी खोली मिळतीये म्हणे यांना," प्रांजलीनं एकदा धीर करून विषय काढला होता.

"गाळपेर उरकू दे. मंग जा."

झालं. गाळपेर म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात काकडी, टरबूज, मका टोकायचा. पाणी उतरेल तशी टोकण पुढं सरकणार. ती संपली की प्रांजली सुटणार. तेव्हापासून ती पाण्याच्या काठाकडं एसटीची वाट बघावी तसं बघू लागली.

२

गाळ मोजायला तलाठी येत नाही. या गावची रीत अशी, की गाळावर साय धरली की आपल्या मागच्या टोकणीपासून पाण्याच्या दिशेनं रेघ ओढायची. पूर्वी काठीनं ओढायचे, आता सायकलच्या चाकानं. सायकल हलकी, रुतत नाही. रेघ ज्याची, तिच्या आतली टोकण त्याची. दुसऱ्याची रेघ कुणी मोडत नाही, ओलांडत नाही. सुगंधाबाईंना सायकल येत नव्हती, म्हणून ते काम सुनेकडं आलं. जिथं चाक दबायला लागेल तिथं थांबायचं, उद्या तिथून पुढं. एवढंच तिला शिकवलं होतं.

त्या दिवशी ती कालच्या जागेवर पोचली. कालचा काठ आता मागं पडला होता आणि नवा गाळ उघडा झाला होता, दुधावर पहिली साय यावी तसा. त्यावर टिटवीचंही पाऊल उमटलं नव्हतं.

आणि त्यावर एक रेघ होती.

चाकाचीच. पाण्यातून आलेली, जराशी तिरकी, तिच्या रेघेच्या दिशेनं. प्रांजली सायकलवरून उतरली आणि नीट बघत राहिली. टायर झिजलेला असावा, कारण नक्षी नव्हती. गुळगुळीत, बोटाएवढी खोल, कडा अगदी साफ. तिनं पाय पुढं टाकून पाहिला. चप्पल भसकन आत गेली, घोटा बुडाला. जिथं माणूस उभा राहू शकत नाही तिथून सायकल कशी गेली?

मासे धरणाऱ्यांनी काही ओढत नेलं असेल, तिनं स्वतःला समजावलं. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जातात ते, दोरी लोंबत असेल. किंवा गोगलगाय. एवढी मोठी? मग गेल्या वर्षीची रेघ असेल, पाण्याखाली राहिली असेल तशीच. वर्षभर. भरल्या धरणाखाली.

हे शेवटचं कारण तिला बरं वाटलं आणि घरी येईपर्यंत ते बरं वाटायचं थांबलं.

दुसऱ्या दिवशी आणखी गाळ उघडा पडला. रेघ पुढं चालूच होती. म्हणजे, पुढं नव्हे. पाणी मागं सरत होतं आणि रेघ आधीपासूनच तिथं होती.

३

"वहिनी, हो वहिनी! तुमची सून तो लई तेज निकली!"

गयासभाई कुडापाशी उभे होते. त्यांचा पट्टा यांच्या पट्ट्याला लागून. दोन घरांत वर्षानुवर्षं काकडीच्या पाट्या आणि ईदचा शीरखुर्मा यांची ये-जा होती. त्यामुळं तक्रारसुद्धा हसत हसत चालली होती. पण ते आत येऊन बसले नाहीत, हे प्रांजलीनं हेरलं.

"काय झालं, भाई?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"हमारे वाट्याच्या गाळावर रेघ ओढली ना हिनं. तिरकी. पाणी उतरायच्या आधीच! आम्ही तिथं पोचलोच नाय अजून. घरवाली जोहरा म्हणती, शहरातली पोरगी हाय, प्लॉटिंग करती."

"मी नाही ओढली, चाचा," प्रांजली म्हणाली. "माझ्या टायरला नक्षी आहे. ती रेघ बघा, साधी आहे."

"फिर किसने? गावात सायकलवर फिरतंय कोन दुसरं? पोरं बी मोटारसायकली उडवतेत."

गयासभाईंनी जाता जाता सांगितलं, की हे मिटेपर्यंत दोन्ही पट्ट्यांची टोकण थांबवू. भांडण नको, पण काम पण नको. टोकण थांबली म्हणजे बजाजनगर थांबलं.

सुगंधाबाई मात्र वेगळंच काहीतरी धरून बसल्या होत्या. "साधी म्हंजे? कशी साधी?"

"गुळगुळीत. झिजलेल्या टायरची."

"आन् कुठून येती?"

"पाण्यातून."

सासूनं तिच्याकडं पाहिलं. काहीतरी सांगणार असं वाटलं. मग त्या उठल्या, आत जाऊन उगीचच पीठ चाळायला लागल्या. पीठ सकाळीच चाळलं होतं.

४

पुढच्या सकाळी धुकं होतं. ती रेघ कुठं जाते ते एकदा बघून यायचं, कुणी सायकलवाला भेटला तर त्याला गयासचाचांसमोर उभं करायचं, एवढाच तिचा बेत. रेघेवरून चाक घालायचं नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं सायकल रेघेला लागून, वीतभर अंतरानं घातली. दोन दिवसांत तिथल्या गाळानं साय धरली होती. चाक दबत नव्हतं.

धुक्यात पुढचं दहा हातांचं दिसत होतं. एका बाजूला तिची रेघ उमटत चालली, दुसऱ्या बाजूला ती आधीचीच. शाळेत असताना मैत्रिणीबरोबर अशीच जायची ती, हँडलला हँडल लावून. लग्न झाल्यापासून आपल्या शेजारी असं कुणी चाललंच नाही, हे तिला तेव्हा लख्ख जाणवलं. नवरा रविवारी येतो, जेवतो, झोपतो. सासू पुढं चालते.

"एकटीच फिरते मी इथं," ती बोलून गेली. कुणाला, ते तिला कळलं नाही. "रोज. तुम्ही पण रोजच का?"

आपण वेड्यासारखं बोलतोय म्हणून तिला हसू आलं. तिनं पायडल थांबवलं. मागच्या चाकाची कुरकुर सुरू झाली आणि सायकल हळूहळू थांबली.

कुरकुर थांबली नाही.

अगदी किंचित जास्त वेळ ती चालली. तिच्या डाव्या बाजूला, वीतभरावर. मग तीही हळूहळू थांबली, जसं कुणी उशिरा ब्रेक दाबावा.

धुक्यानं आवाज घुमतो, हे तिला माहीत होतं. ते तिनं स्वतःला लगेच सांगितलंही. तरी ती डावीकडं न बघता सायकल वळवून निघाली, आणि परतताना संपूर्ण वाटभर तिला पळावंसं वाटत नव्हतं, हीच गोष्ट तिला नंतर जास्त भिववत राहिली. सोबत होती, असं वाटत होतं. बरं वाटत होतं.

५

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई तिच्याबरोबर आल्या. ती सायकल हातात धरून चालली, त्या पुढं.

काठाजवळ पोचल्यावर त्या थबकल्या. रात्रीत उघड्या पडलेल्या गाळावर, जिथं पाऊल टाकलं तर गुडघाभर जाईल, तिथं आता दोन रेघा होत्या. वीतभर अंतरानं, शेजारी शेजारी. एक गुळगुळीत. दुसऱ्या रेघेवर माशाच्या काट्याची नक्षी होती.

प्रांजलीनं आपल्या चाकाकडं पाहिलं. मग रेघेकडं. काल ती बरीच अलीकडून वळली होती. तिच्या वळणाची खूण मागं स्पष्ट दिसत होती. आणि तरी तिची रेघ तशीच पुढं, पाण्यात उतरत गेली होती.

"रेघंला रेघ लावलीस?" सुगंधाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणीच नाही. ओलांडायची नाही म्हणून बाजूनं गेले."

"अगं बाई." त्या तिथंच बांधावर बसल्या. "बाजूनं रेघ लावली म्हंजे भागी. दोघांनी मिळून करायचं, निम्मं निम्मं. ह्ये पोराटोरालाबी ठावं असतं."

"मला नव्हतं ठाऊक."

"व्हय. सांगाया पायजे हुतं." बोलायचं राहून गेल्याची कबुली त्यांनी दिलेली प्रांजलीनं पहिल्यांदाच ऐकली.

"कुणाची आहे ती रेघ, आत्याबाई?"

"मला काय ठावं? मी इचारलं नाय कधी." मग पायाशी वाळलेला गाळ उकरत, "दिसती कधीमधी. बाजूला सरून टोकण करायची, तिची ती निघून जाती मंग. कुणी तिला जोड नाय दिली आजवर."

"मोडून टाकू या आपली रेघ."

सुगंधाबाई उठल्या आणि पायानं, जिथपर्यंत कोरडं होतं तिथपर्यंत, नक्षीची रेघ घासत गेल्या. पुढच्या ओल्या गाळातली रेघ तशीच राहिली. तिच्यापर्यंत पाय पोचत नव्हता.

मागून गयासभाई आले होते. त्यांनी दोन्ही रेघा पाहिल्या, टोपी काढून परत घातली. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "हमारा इधर का पट्टा छोड दिया समझो. आम्ही वरच्या अंगाला टोकतो. सूनबाईला काय बोलू नका. बच्ची है." आणि ते परत फिरले, घाईघाईनं नाही, पण एकदाही न थांबता.

"भागी मोडायची कशी?" प्रांजलीनं विचारलं.

"हंगाम सरला की सरती. नायतर घरातल्या दुसऱ्या कुणी जागा घ्यायची."

"हंगाम कधी सरेल?"

सुगंधाबाईंनी समोर बोट केलं. पाणी क्षितिजापर्यंत पसरलं होतं.

६

आता आवाज घरी येऊ लागला.

भागीदार सकाळी दारात येऊन उभा राहतो, ही इथली पद्धत. आत यायचं नाही, कुडाबाहेर थांबायचं. चहाच्या वेळी सायकलचा स्टँड लागल्याचा आवाज यायचा, ‘खट्’. प्रांजली दारातून बघायची तर अंगणात कुणी नाही. तिची निळी सायकल कुलपासकट भिंतीला टेकलेली. फक्त कुडाबाहेरच्या धुळीत एक ओली रेघ येऊन थांबलेली, आणि तिच्या टोकाशी स्टँडच्या टोकाएवढा छोटा, गोल खड्डा. त्यात पाणी. उन्हं वर आली की ते आटून जायचं.

तिनं अजिनाथला फोन लावला. मशीनच्या आवाजात तो ओरडत होता, "कोण येतंय? कुणी तरास देतंय का? नाव सांग फक्त!"

सगळ्यात वाईट हे, की ती त्या आवाजाची वाट बघू लागली होती. ‘खट्’ झालं की हात आपोआप केसांकडं जायचा, वेणी नीट आहे का बघायला. एकदा तर तिनं सायकलचं कुलूप काढलं, हँडल धरलं आणि कुडाचं फाटक उघडायला गेली. कुठं निघालो याचा विचारच तिला आला नव्हता. कुणी बोलवायला आलंय, जायला हवं, एवढंच.

सुगंधाबाईंनी मागून तिचा हात धरला. घट्ट, बांगडी दबली.

"चूल बघ," त्या म्हणाल्या. मग कुडाकडं तोंड करून, शेजारणीला सांगावं तितक्या साध्या आवाजात, "मी येते. व्हा पुढं तुमी."

बाहेर स्टँड निघाल्याचा आवाज झाला. कुरकुर हळूहळू पाण्याच्या दिशेनं गेली.

त्याच दुपारी त्यांनी स्वतः अजिनाथला फोन लावून घेतला. "उद्या सकाळच्याला ये. हिला घिऊन जा. खोलीचं तुझं तू बघ, मला सांगू नगंस." फोन बंद करून त्या प्रांजलीकडं वळल्या. "कपडे भर."

"आणि गाळपेर?"

"मी हाय की."

"तुम्हाला सायकल येत नाही, आत्याबाई."

"ढकलता तर येती."

प्रांजलीला कळलं, त्या काय म्हणतायत ते. नको म्हणायला हवं होतं. तिनं तोंड उघडलंही. पण तिच्या डोळ्यांसमोर बजाजनगरची खोली उभी राहिली, खाली वाहनं, वर शेजाऱ्यांचा टीव्ही, रात्रभर चालू असलेला रस्ता. ती आत गेली आणि कपडे भरायला लागली.

७

अजिनाथची मोटारसायकल गावाबाहेरच्या उंच रस्त्याला लागली तेव्हा ऊन कोवळं होतं. मागं प्रांजली, तिच्या मांडीवर पिशवी. सुगंधाबाई निरोपाला थांबल्या नव्हत्या. चहा घेतला आणि सायकल घेऊन पुढं गेल्या. जाताना सुनेच्या कपाळावर अंगठ्यानं कुंकू लावलं, तेवढंच.

वळणावरून सगळा गाळ दिसतो. करडा, सपाट, अफाट. मधोमध जुन्या रस्त्याची काळी पट्टी आणि तिच्या बाजूनं जाणारी एक हिरवी साडी. सुगंधाबाई सायकल हातानं ढकलत चालल्या होत्या. अंतर फार होतं. तरी प्रांजलीला एक गोष्ट दिसली. अलीकडच्या बाजूचे बगळे जागचे हलत नव्हते. सासूबाई अगदी जवळून गेल्या तरी तसेच उभे. सायकलीच्या पलीकडचे बगळे मात्र एकामागून एक उठत होते, कुणीतरी त्यांच्यातून चाललं असावं तसे.

आणि हँडलवर, त्यांच्या हाताशेजारी, आणखी काहीतरी होतं. वाळत आलेल्या गाळाच्या रंगाचं. मागच्या गाळापासून ते वेगळं काढता येत नव्हतं, ते हललं तेव्हाच कळत होतं.

सुगंधाबाई बोलत होत्या. मोकळा हात हलवून, भरभरून बोलत होत्या, लांबून काही ऐकू येत नसलं तरी. मधेच मान कलती करून थांबायच्या, समोरच्याचं ऐकून घ्यायला थांबतात तशा. मग त्यांचे खांदे हलले. त्या हसत होत्या. इतक्या महिन्यांत प्रांजलीनं त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

अजिनाथनं गाडी हळू केली. "आईच हाय ना ती? कुणासंगं बोलतीये?"

प्रांजली त्या सायकलीच्या हँडलकडंच बघत होती.

"थांब, हॉर्न देतो. बघंल तरी मागं."

त्याचा अंगठा बटणाकडं गेला. तिनं पिशवी सोडून, पुढं वाकून त्याचा हात धरला.

"नको," ती म्हणाली. "दोघं वळून बघतील."